तारेची शाल

एका जंगलात रात्र होत नसे. म्हणजे, मुलांनो, सूर्य बुडायचा वेळेवर. पण तो बुडाल्याचं कोणाला कळत नसे. झाडाझाडांवर पाट्या होत्या आणि पाट्यांवर दिवे होते. जांभळे, हिरवे, गुलाबी. काजवे पाळ्यांमध्ये कामाला असत आणि त्यांची पाळी संपली की विजेचे दिवे लागत. घुबडांनी काळे चष्मे घेतले होते. कोंबडा कधी आरवायचं ते विसरला होता आणि आठवण आली की आरवत होता.

हे जंगल फार पुढारलेलं होतं. सांबरांनी शिंगांवर अँटेना बसवून घेतल्या होत्या. कासवाला चाकं होती. तरीही त्याला उशीर होई, कारण आता सगळ्यांनाच चाकं असल्यामुळे वाटेत कोंडी होई. प्रत्येकाच्या कानात एक बिल्ला होता. कोण कुठे आहे, काय खातो आहे, खाताना कोणाला नावं ठेवतो आहे, हे सगळं त्या बिल्ल्यावरून कळे. कोणाला कळे, हे मात्र कोणी विचारत नसे. विचारलं असतं तर तेही कळलं असतं.

जंगलाच्या मधोमध एक उंच वड होता आणि त्याच्या शेंड्यावर एका कंपनीची कचेरी होती. कंपनीचं नाव 'झडप आणि मंडळी'. कोणाच्या डोक्यावर इनाम लागलं की त्याला पकडून आणायचं, हा तिचा धंदा. वडासमोर एक भलीमोठी प्रकाशभिंत होती. तिच्यावर फरारी प्राण्याचं चित्र झळके आणि खाली एकच शब्द असे: 'सापडेल.' धमकी नाही, शिवी नाही. म्हणूनच तो शब्द वाचला की भलेभले वाट बदलत.

कंपनीच्या मालकीणबाई म्हणजे इरावतीबाई लांडगीण. बोलणं इतकं मऊ की सायीने झक मारावी. त्यांनी "जेवण झालं का?" असं विचारलं की समोरच्याला झालेलं जेवण पचत नसे. त्यांच्या कंपनीत एकच नियम होता. जो शिकारी तीनदा रिकाम्या पंजाने परत येईल, त्याचं स्वतःचं चित्र भिंतीवर लागेल. मग बाकीचे शिकारी त्याच्या मागे. कालपर्यंत शेजारी बसून डबा खाणारे.

रखमाजी तरस हा त्या कंपनीतला शिकारी. तो दोनदा रिकाम्या पंजाने परत आला होता.

यात त्याचा फारसा दोष नव्हता. कंपनीने त्याचा एक डोळा आणि आख्खं नाक काढून घेऊन तिथे यंत्रं बसवली होती. पहिल्या खेपेला तो एका सशावर झेपावला, आणि नेमकं तेव्हाच डोळ्यात लिहून आलं, 'कृपया थांबा, डोळा अद्ययावत होत आहे.' डोळा अद्ययावत झाला तोवर सशाचं लग्न होऊन गेलं होतं. दुसऱ्या खेपेला उदमांजराचा माग काढता काढता नाकात मध्येच अत्तराची जाहिरात लागली. ती संपेपर्यंत उदमांजर नदीपार झालं. रखमाजी तरस असल्यामुळे त्याच्या तोंडावर कायम हसू असे. त्याला रडू आलं तरी लोक विचारत, "काय रखमाजी, आज खुशीत?"

एक दिवस त्याला वर बोलावणं आलं. तो डबा खात होता. घास तोंडात ठेवूनच वर गेला.

"या, रखमाजी," इरावतीबाई म्हणाल्या. "जेवण झालं का?"

रखमाजीने घास न चावता गिळला. "झालं, बाईसाहेब."

"घरी सगुणाबाई बऱ्या आहेत ना? छान. मग एक करा. त्या गुंडोपंतांना घेऊन या. घाई अजिबात नाही हं. तुमचं चित्र आम्ही काढून ठेवलंय भिंतीसाठी. काय सुरेख आलंय. हसरं."

गुंडोपंत म्हणजे एक वयस्कर खवलेमांजर. त्यांचा गुन्हा मोठा होता. संध्याकाळच्या जेवणासाठी त्यांनी एक वारूळ उकरलं, तर मुंग्यांऐवजी नखात एक जाड तार आली. त्यांना वाटलं, मूळ असेल. त्यांनी ती ओढली. सगळं जंगल काळंकुट्ट झालं. तार जोडेपर्यंत आभाळात चांदण्या दिसल्या आणि पिल्लं आयांना विचारू लागली, "आई, हे दिवे कोणत्या कंपनीचे?" दुसऱ्या दिवशी पिल्लांनी पुन्हा अंधार मागितला. दिव्यांवर जाहिराती चालत होत्या, तेव्हा हे काही बरं लक्षण नव्हतं. गुंडोपंतांच्या डोक्यावर इनाम लागलं. कलम होतं, अंधार पसरवणे.

गुंडोपंतांच्या कानात बिल्ला नव्हता, कारण त्यांचे कान बिल्ला मावेल एवढे नव्हतेच. रखमाजी पायपीट करत राहिला. शेवटी एका उंबराखाली ते त्याला दिसले. त्याने झडप घातली. गुंडोपंतांनी अंगाची गुंडाळी केली आणि ते चेंडू होऊन बसले.

रखमाजीने चावून पाहिलं. दात दुखला. त्याने ओढून पाहिलं, आपटून पाहिलं, गुदगुल्या करून पाहिल्या. चेंडू उघडेना. रखमाजी धापा टाकत खाली बसला आणि मनापासून म्हणाला, "काय पण खवले आहेत, राव. एवढे देखणे खवले मी जन्मात पाहिले नाहीत."

चेंडूला एक फट पडली. फटीतून एक डोळा बाहेर आला.

"खरंच?" गुंडोपंतांनी विचारलं.

"आईशप्पथ."

"डाव्या बाजूचे जास्त चांगले आहेत," असं म्हणून गुंडोपंतांनी फट मिटली आणि ते उताराने गडगडत दिसेनासे झाले.

रखमाजी घरी आला आणि बायकोला म्हणाला, "सगुणा, आता संपलं सगळं. भिंतीवर लागणार मी."

सगुणाबाई कांदा चिरत होत्या. "तुम्ही त्यांच्या मागे धावता कशाला पण?" त्या म्हणाल्या. "त्यांचा सत्कार ठेवा की. आमचे मामा मरायला टेकले होते, तोंडात पाणी घातलं होतं. तेवढ्यात सत्काराचं बोलावणं आलं. उठून टोपी शोधायला लागले. पुढं तीन सत्कार घेऊन मग गेले."

रखमाजी बायकोकडे बघतच राहिला. कंपनीत एवढी यंत्रं होती, पण एवढी साधी गोष्ट कोणत्याच यंत्राला सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने बाईसाहेबांना बेत सांगितला. वर रेशीम आणि आत बारीक तार अशी शाल कोळ्यांकडून विणून घ्यायची. सत्काराच्या वेळी गुंडोपंत पोट उघडं करून उभे राहणार. शाल खांद्यावर पडली की तार आपोआप आवळणार. कचेरीतल्या काट्यावर आणून वजन केल्याशिवाय ती सुटायची नाही.

इरावतीबाईंनी सगळं ऐकलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "अध्यक्ष कोण?"

"बाईसाहेब, आपल्याशिवाय दुसरं कोण?"

"छे, मला कुठला वेळ," त्या म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "फेटा कोणत्या रंगाचा बरा दिसेल?"

प्रकाशभिंतीवर डावीकडे झळकलं, 'गुंडोपंत खवले. सापडेल.' उजवीकडे झळकलं, 'अंधारभूषण पुरस्काराबद्दल गुंडोपंत खवले यांचा भव्य सत्कार. सर्वांनी अगत्य यावे.' सगळ्या जंगलाने दोन्ही वाचलं. त्यात विचित्र काही आहे असं कोणालाच वाटलं नाही. एकाच प्राण्याला सत्कार आणि शिक्षा, दोन्ही मिळताना त्या जंगलाने बऱ्याचदा पाहिलं होतं.

सत्काराच्या आदल्या दिवशी गुंडोपंत स्वतःच मंडप बघायला आले. "नाव जरा बारीक आलंय," ते रखमाजीला म्हणाले. रखमाजीने झेप घेतली. गुंडोपंतांनी चेंडू केला आणि आतून सांगितलं, "आणि खुर्ची उंच हवी. मागच्यांना दिसत नाही." रखमाजीने मुकाट्याने खुर्ची बदलली.

सत्काराला आख्खं जंगल लोटलं. सूत्रसंचालनाला साळुंकी होती. तिच्याजवळ प्रत्येक प्रसंगाला चार ओळी तयार असत आणि प्रसंग नसला तरी ती त्या म्हणे. आधी दीपप्रज्वलन झालं. लाखो दिव्यांच्या त्या जंगलात एक समई काही केल्या पेटेना. वारा होता. पाहुण्यांनी आळीपाळीने पंजे आडवे धरले. अखेर एक वात लागली आणि टाळ्या पडल्या.

"रखमाजी," इरावतीबाई फेट्याखालून कुजबुजल्या, "आता घ्या पकडून."

"बाईसाहेब, अजून स्वागतगीत आहे."

इरावतीबाई मागे टेकल्या. भर मांडवातून त्यांनी एकदा नवरदेव उचलून नेला होता. पण स्वागतगीत मध्येच थांबवायचं म्हणजे फारच होतं. तेवढं त्यांच्याही जिवावर आलं.

स्वागतगीतानंतर प्रास्ताविक झालं. मग अस्वल "दोनच मिनिटं घेतो" म्हणून उभं राहिलं आणि त्याने आपल्या आजोबांपासून सुरुवात केली. मग मोराचा नामोल्लेख राहिला म्हणून मोर उठून जायला निघाला, त्याला समजावून परत आणलं. गुंडोपंत उंच खुर्चीवर बसून सगळ्याला मान डोलवत होते. रखमाजीच्या मनात एकच होतं. शाल पडली की आपण वाचलो.

"आणि आता," साळुंकी म्हणाली, "तो क्षण, ज्याची आपण सारे आतुरतेने वाट पाहत होतो."

गुंडोपंत उभे राहिले. त्यांचं पोट गुलाबी आणि मऊ होतं. आजवर ते कोणीच पाहिलं नव्हतं. रखमाजीला एकदम वाईट वाटलं. एवढा खवल्यांचा माणूस, आणि चार टाळ्यांसाठी सगळा उघडा होऊन उभा राहिला. पण भिंतीवरचं स्वतःचं हसरं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्याने शालीचं तबक पुढे केलं.

इरावतीबाईंनी शाल उचलली. गुंडोपंतांनी ती वरच्या वर हातात घेतली आणि माइककडे वळले.

"मी या सत्काराला पात्र नाही," ते म्हणाले. "अंधार मी केला, हे खरं. पण आधी दिवे असल्याशिवाय अंधार करता येतो का? दिव्यांची राखण केली बाईंनी. मी फक्त विझवले. तेव्हा या शालीच्या खऱ्या मानकरी आपल्या अध्यक्षीणबाई आहेत."

"वा!" असा एकच आवाज उठला. टाळ्या थांबेनात. गुंडोपंत शाल घेऊन इरावतीबाईंसमोर आले.

आता बघा, मुलांनो. त्या शालीत काय आहे हे इरावतीबाईंना माहीत होतं. ती त्यांनीच विणवून घेतली होती. एक पाऊल मागे सरल्या असत्या तर सुटल्या असत्या. पण त्यांना आजवर कोणी शाल दिली नव्हती. लोक त्यांना वाट देत, जागा देत, कोणी कोणी शेजाऱ्याचा पत्ताही देत. शाल कोणी दिली नव्हती. टाळ्या चालू होत्या. इरावतीबाईंचे डोळे पाणावले आणि त्यांनी मान पुढे केली.

कटकन आवाज झाला. प्रकाशभिंतीवर आपोआप अक्षरं उमटली, 'सापडली. अभिनंदन.'

साळुंकीने हातातला कागद उलटला. "यानंतर अध्यक्षीय भाषण," ती म्हणाली. तिचंही बरोबर होतं, कार्यक्रम ठरलेला होता. इरावतीबाईंनी तारेत आवळलेल्या अवस्थेत अध्यक्षीय भाषण केलं. भाषण चांगलंच लांबलं. ते रंगात आलं असताना गुंडोपंत खुर्चीवरून उतरले, व्यासपीठाखाली गेले आणि सवयीप्रमाणे जमीन उकरू लागले. वाटेत एक तार लागली. तिचंही त्यांनी मूळ समजून जे करायचं ते केलं.

जंगल काळोखात बुडालं. वर चांदण्या निघाल्या. पिल्लांनी टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावर तेवढी ती एका वातीची समई जळत होती, आणि तिच्या उजेडात इरावतीबाई बालपणाच्या आठवणींवर आल्या होत्या.

आभारप्रदर्शन झाल्यावर शिकाऱ्यांनी बाईंना इतमामाने वर नेऊन काट्यावर ठेवलं. वजन झालं, तार सुटली. त्या अजिबात चिडल्या नाहीत. गळ्यातला हार त्यांनी खिडकीत टांगला, फेटा नीट केला आणि रखमाजीला हाक मारली.

"गुंडोपंत काही आले नाहीत, रखमाजी," त्या म्हणाल्या. "जेवण झालं का?"

रखमाजी खिडकीतून उडी मारून पळाला. वाटेत त्याने कानातला बिल्ला उपटून कासवाच्या चाकाला बांधला. कंपनीचे सगळे शिकारी कासवाच्या मागे लागले. कासव कोंडीत अडकलं होतं, आणि त्याच्या मागे तेही अडकले.

रखमाजी गेला तो थेट गुंडोपंतांच्या बिळात. गुंडोपंतांनी त्याला जागा करून दिली. "शालीत तार आहे हे तुम्हाला कळलं होतं का हो?" रखमाजीने विचारलं.

"मंडपात शिरतानाच कळलं होतं."

"मग आलात कशाला?"

"खुर्ची उंच होती," गुंडोपंत म्हणाले.

बिळात अंधार होता. यंत्राचा डोळा बंद पडला, नाकातली अत्तराची जाहिरात थांबली. रखमाजी कित्येक वर्षांनी गाढ झोपला. कोणाला कधी सापडला नसता तो तिथे. सगळं सुखाचं झालं असतं आणि ही गोष्टही इथेच संपली असती.

पण एक दिवस सगुणाबाई कानातला बिल्ला घरीच ठेवून डबा घेऊन आल्या, त्या रागातच. "अहो, भिंतीवर तुमचा सत्कार लागलाय," त्या म्हणाल्या. "बिलकूल जायचं नाही. सांगून ठेवते."

"जातोय कोण?" रखमाजी हसला. "युक्ती तुझी, सापळा मी लावलेला. मलाच शिकवतात होय?" त्याने भाकरी मोडली. थोडा वेळ चावत राहिला. "अक्षरं केवढी आहेत पण?"

सगुणाबाईंनी त्याला कांदा फोडून दिला.

"मी आपलं नुसतं विचारतो. गुंडोपंतांच्या नावाएवढी?"

सगुणाबाईंना खोटं बोलता येत नसे. "जरा मोठीच आहेत," त्या म्हणाल्या.

"माझ्यापेक्षा?" कोपऱ्यातून गुंडोपंतांनी विचारलं. त्यांचा आवाज दुखावलेला होता.

रखमाजीने भाकरी खाली ठेवली. थोड्या वेळाने तो बिळात इकडे तिकडे चाचपडू लागला. काय शोधतो आहे हे सगुणाबाईंना विचारावं लागलं नाही. त्यांनी कपाळाला हात लावला, डब्याच्या पिशवीतून टोपी काढून दिली आणि म्हणाल्या, "थांबा, मीही येते. पहिल्या रांगेत जागा ठेवली असेल ना?"

मंडप आधीपेक्षा मोठा होता. समई पेटायला आधीपेक्षा उशीर लागला. रखमाजीने दोनदा मागे वळून वाट पाहून ठेवली, पण सगुणाबाई पहिल्या रांगेत होत्या आणि अक्षरं खरंच मोठी होती. इरावतीबाई शाल घेऊन पुढे आल्या. रखमाजीने ती वरच्या वर धरली.

"मी पात्र नाही," तो म्हणाला. "मी एक साधा तरस. खऱ्या मानकरी बाईसाहेब."

टाळ्या झाल्या. पण इरावतीबाई एकदा शिकल्या होत्या. "अहो, मी कोण?" त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "खरं मार्गदर्शन अस्वलदादांचं."

अस्वलाने आजवर कोणतीही शाल सोडली नव्हती. त्याने दोन पंजे मागे बांधले. "छे छे. माझ्यापेक्षा मोराचं काम मोठं आहे." ज्याला नामोल्लेखावाचून झोप येत नसे त्या मोराने नम्रपणे मान खाली घातली आणि आपलं नाव कुठेही घेऊ नये अशी विनंती केली. त्याने गुंडोपंतांकडे बोट दाखवलं. गुंडोपंत म्हणाले, "हे सगळं श्रेय समाजाचं." समाज दोन पावलं मागे सरला.

शाल पुन्हा रखमाजीकडे आली. त्याने ती पुन्हा इरावतीबाईंना दिली.

आभारप्रदर्शनाच्या आधी कोणाला पकडणं त्या जंगलात शोभत नाही. आणि सत्कार झाल्याशिवाय आभार तरी कशाचे मानणार? त्यामुळे तो कार्यक्रम अजून चालू आहे. साळुंकीच्या चार ओळी संपल्या, तिने नव्या केल्या. सगुणाबाई पहिल्या रांगेतच डबा उघडतात आणि रखमाजीला वर घास नेऊन देतात. कंपनीचे सगळे शिकारी मंडपात अडकल्यामुळे दुसऱ्या कोणाला पकडायला कोणी मोकळं नाही. जंगल निर्धास्त झालं आहे. शाल या हातातून त्या हातात फिरते आहे, आणि जो तो दुसऱ्याचा मोठेपणा इतक्या कळकळीने सांगतो आहे की ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत. रखमाजी जिवंत आहे आणि त्याच्या तोंडावर हसू आहे. या खेपेला ते खरं असावं.

तात्पर्य: विनय अंगी बाणायला थोरांचे संस्कार लागतात, असं शाळेत सांगतात. ते खोटं आहे. शालीत तार असली की पुरतं. तेव्हा मुलांनो, तुमचा सत्कार ठरला तर शाल आधी चाचपून पाहा. तार लागली तर दुसऱ्याला द्या. पण जा मात्र जरूर. न जाणं बरं दिसत नाही.